वर्षभराच्या सिनेमांची वही

जानेवारीत ठरवलं ते इतकंच: जो सिनेमा बघेन त्याची नोंद त्याच रात्री करायची. किती बघायचे याचा आकडा ठरवला नाही, ‘चांगलेच बघायचे’ असंही नाही. नोंद तेवढी चुकवायची नाही. त्याआधीच्या वर्षात काय काय पाहिलं असं कुणी विचारलं तर चार-पाच नावांच्या पुढे मला जाता यायचं नाही, आणि रात्री तर कितीतरी गेल्या होत्या.

वर्ष संपलं, वही भरली. ‘किती वेळ जातो?’, ‘ॲप की वही?’, ‘मधेच कंटाळा आला तर?’ असं ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून जे जसं झालं तसं महिन्यांच्या क्रमाने लिहिते आहे. उत्साहाने सुरुवात करून फेब्रुवारीत सोडून दिलेले कुणी असतील, तर हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

पहिला आठवडा नोंद कुठे करायची यातच गेला. लेटरबॉक्स्ड ही सेवा 2011 मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाली, आणि तिच्यात सिनेमांची रोजनिशी ठेवायची सोय आहे. नाव टाइप केलं की साल, दिग्दर्शक, लांबी आपोआप येतं. आपण तारीख घालायची, हवं तर अर्ध्या-अर्ध्या ताऱ्यांत रेटिंग द्यायचं. मिनिटभराचं काम. तरी सोबत एक साधी रेघी वही घेतलीच. रात्री नोंदीसाठी फोन उघडला की नोंद होते आणि पुढचा अर्धा तास भलतीकडेच जातो, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. त्यामुळे वाटणी अशी केली: नाव-तारीख ॲपमध्ये, म्हणजे नंतर शोधता येईल, आणि मनातलं वहीत. वहीतले रकाने होते तारीख, नाव, साल, भाषा, कुठे पाहिला, कुणाबरोबर आणि शेवटी एक ओळ.

त्या एका ओळीनेच पुढे सगळं बदललं, पण सुरुवातीला ती अगदीच बेचव होती. ‘छान. अभिनय उत्तम. शेवट जरा लांबला.’ फेब्रुवारीच्या सुरुवातीला मागची पानं चाळली, तर नावावर हात ठेवून नुसती ओळ वाचल्यावर कुठल्या सिनेमाबद्दल लिहिलंय ते कळेना. कुठलीही ओळ कुठल्याही सिनेमाला चालली असती. मग नियम बदलला: मत लिहायचं नाही, दिसलेली किंवा ऐकलेली एक गोष्ट लिहायची. ‘बायसिकल थीव्ज’ (1948) पाहिला त्या रात्री मी लिहिलं, ‘खानावळीत ब्रूनो मागे वळून दुसऱ्या टेबलावरच्या श्रीमंत पोराकडे बघतो, तोंडातलं चीज ताणत.’ बस. युद्धानंतरची गरिबी, वास्तववाद, ब्रूनोच्या बापाचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी प्रत्यक्षात कारखान्यातला कामगार होता, हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. ते पोरगं मात्र ही ओळ वाचली की आजही माझ्यासमोर मान वळवतं.

फेब्रुवारीत दुसरी अडचण समोर आली, आणि ती सिनेमा बघण्याची नव्हतीच. ती होती निवडण्याची. जेवण उरकून बसायचं, रिमोट घ्यायचा, पोस्टरं सरकवत राहायचं, दोन ट्रेलर बघायचे, ‘हा नको, आज डोकं नाही’ म्हणायचं आणि शेवटी इतका उशीर व्हायचा की आधी पाहिलेलंच काहीतरी लावून झोपून जायचं. यावर मला लागू पडलेला उपाय साधा होता: निवड दिवसा करायची. रविवारी सकाळी आठवड्याचे दोन-तीन सिनेमे ठरवून कागदावर लिहायचे, ते कुठे मिळतात ते तेव्हाच तपासायचं आणि लांबीही लिहायची. लांबी महत्त्वाची. दमलेल्या दिवशी दीड तासाचा सिनेमा बघवतो, अडीच तासांचा नाही, आणि हे रात्री दहाला कळून उपयोग नसतो. यादीत असलेल्यातलाच लावायचा, नाहीतर पुस्तक घ्यायचं. सरकवत बसायचं नाही.

‘कुठे मिळतो’ हे तपासताना ओटीटीचा कारभार थोडा समजला. सिनेमा त्या सेवेच्या मालकीचा असतोच असं नाही. ठरावीक काळासाठी, ठरावीक देशासाठी हक्क घेतलेले असतात. मुदत संपली की तो निघून जातो, आपल्या ‘नंतर बघू’ यादीत असला तरी. माझ्या यादीतले काही असेच गेले. तेव्हापासून यादी त्या-त्या सेवेच्या आत ठेवायची नाही, बाहेर ठेवायची, आणि ‘लवकरच जाणारे’ असा विभाग असेल तर महिन्याच्या सुरुवातीला बघून घ्यायचा.

खर्चाचंही तेव्हाच मार्गी लावलं. एकाच वेळी सगळ्या सेवांचं सदस्यत्व ठेवायचं सोडून एका वेळी एकच घ्यायची ठरवली. महिनाभर त्यातले ठरवलेले सिनेमे बघायचे, मग बंद, पुढच्या महिन्यात दुसरी. ज्या दिवशी पैसे भरले त्याच दिवशी आपोआप होणारं नूतनीकरण रद्द करून टाकायचं. बहुतेक ठिकाणी रद्द केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालू राहते. मोफत चाचणीच्या काळात मात्र काही सेवा रद्द करताच तिथल्या तिथे बंद होतात, म्हणून अटी एकदा वाचाव्यात. रद्द केल्याचा मेल जपून ठेवावा. मला एका सेवेबरोबर वाद घालावा लागला, तेव्हा तारखेसकट तो मेल समोर ठेवल्यावर पैसे परत आले, तेही बरेच दिवस वाट बघून. आणि भाड्याने घ्यायचे सिनेमे: सर्वसाधारण पद्धत अशी की भाडं भरल्यापासून 30 दिवसांत सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की 48 तासांत संपवायचा. म्हणजे ‘दहा मिनिटं बघू कसा आहे’ म्हणून शुक्रवारी लावून बघितला आणि पुढच्या शुक्रवारी उरलेला बघू म्हटलं, तर दुसऱ्यांदा भाडं.

मार्चमध्ये टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. कंटाळवाणा भाग आहे, पण एका दुपारचं काम आणि वर्षभर फायदा. बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. आजचे बरेच टीव्ही त्या 24 च्या मधे आपल्या मनाने जादा चित्रं भरतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. क्रिकेटला ते ठीक. सिनेमाला लावलं की महागडा सेट दुपारच्या मालिकेचा वाटायला लागतो. प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळं नाव दिलंय, तेव्हा चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ शब्द जिथे दिसेल तिथे जाऊन बंद करा. 2019 नंतरच्या काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो. तो लावला की हे एका बटणात होतं. दुसरं, जुन्या सिनेमांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात त्या दोष नव्हेत. जुन्या काळचा पडदाच जवळजवळ चौकोनी होता, 1.37 ला 1 या प्रमाणात. ‘पडदा भरा’चं बटण दाबलं की माणसं जाडी होतात, नाहीतर त्यांची डोकी कापली जातात. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट शेजाऱ्यांना ऐकू जाण्याइतके मोठे येत असतील, तर आवाजाचा पर्याय 5.1 (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) वरून स्टिरिओवर (दोन स्पीकरांसाठीचा) आणून बघा. साध्या टीव्हीच्या स्पीकरवर माझ्याकडे लगेच फरक पडला. आणि संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये बघताना सबटायटल पुढे-मागे पळत असतील तर कीबोर्डवरची ‘जी’ आणि ‘एच’ ही दोन बटणं लक्षात ठेवा. एक त्यांना अलीकडे आणतं, दुसरं पलीकडे ढकलतं.

याच महिन्यात तारे देणं बंद केलं. एका दमलेल्या रात्री मी एका सिनेमाला दिलेले अडीच तारे हे त्या सिनेमाचे नव्हते, त्या दिवसाचे होते. त्याऐवजी वहीत उजव्या बाजूला एक कोरा रकाना आखला: ‘तीन महिन्यांनी’. जानेवारीत पाहिलेल्या सिनेमापुढे एप्रिलमध्ये लिहायचं, मागची ओळ झाकून, काहीही न शोधता: अजून काय आठवतं? काहीच आठवलं नाही तर आडवी रेघ. या सगळ्या खटाटोपातलं एकच काही उचलायचं असेल तर हा रकाना उचला.

एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा भरला तेव्हा चक्रावले. त्या-त्या रात्री मी ज्यांच्यावर फिदा होते त्यातल्या बऱ्याच नावांपुढे आडव्या रेघा पडल्या. वेगवान, चकचकीत, बघताना घड्याळाकडे लक्षही गेलं नव्हतं. आणि तीन महिन्यांत धुऊन गेले होते. उलट, अर्ध्यावर जांभया देत पाहिलेल्या एका सिनेमातली खोली, तिच्यातली खिडकी, तिच्यातून येणारा आवाज सगळं जागेवर होतं. बघताना येणारी मजा आणि मागे उरणारा सिनेमा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, असं आता मला वाटतं. कुणी वाद घातला तर पानं दाखवीन.

त्या धक्क्यातच मूकपटांकडे वळले. आजवर टाळलेला प्रांत. भीती खरं तर लांबीची होती, म्हणून लहानापासून सुरुवात केली. ल्युमिएर बंधूंनी 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसमध्ये तिकीट लावून जे खेळ दाखवले त्यातली प्रत्येक फिल्म जेमतेम पन्नास सेकंदांची आहे. चहा उकळेपर्यंत दोन-तीन बघून होतात. मग मूकपटांतला विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ (1924), सुमारे पाऊण तासाचा. त्यात सिनेमा दाखवणारा एक पोरगा झोपेत उठून थेट पडद्यातल्या सिनेमात शिरतो, आणि पडद्यावरचं दृश्य बदलत जातं तसा तो बिचारा एका जागेवरून दुसरीकडे आपटत राहतो. शंभर वर्षांपूर्वीचा विनोद, आणि मी एकटीच मोठ्याने हसत होते. पाण्याच्या टाकीखालच्या एका दृश्यात कीटनची मान मोडली होती, आणि ते त्याला स्वतःला कळलं कित्येक वर्षांनी. ते वाचलं आणि लगेच ते दृश्य परत लावलं. उठतो आणि पळत सुटतो.

दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा, जोनवरच्या खटल्याचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (1928) मात्र हसण्याचा नव्हता. जवळजवळ सगळा सिनेमा चेहऱ्यांवर चालतो. न्यायाधीशांच्या सुरकुत्या, चामखिळी, आणि जोनचे डोळे. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती. अनेक दशकं लोक इकडून-तिकडून जुळवलेल्या प्रती बघत होते. मग 1981 मध्ये ऑस्लोतल्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मूळ स्वरूपाची प्रत सापडली. सगळ्यांचं नशीब असं नसतं. ‘आलम आरा’ (1931) हा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज कुठे असल्याची माहिती नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात टिकलेत फक्त 14 टक्के. हे वाचल्यापासून ‘जुनं आहे, कधीतरी बघू’ हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही.

मूकपटांच्या नोंदीत एक घोळ होतो तो आधीच सांगते. लांबी जुळत नाही. तेव्हाचा वेग ठरलेला नव्हता, त्यामुळे एकच सिनेमा कुणी सावकाश चालवतं, कुणी भराभर, आणि संगीतही प्रत्येक प्रतीत वेगळं. कुठली प्रत पाहिली, संगीत कुणाचं, हे लिहून ठेवा. काही बोलपटांबाबतही असंच होतं: युरोपातल्या टीव्हीसाठी केलेल्या जुन्या प्रती सेकंदाला 25 चित्रांनी चालतात, म्हणून 100 मिनिटांचा सिनेमा 96 मिनिटांतच संपतो. कुणी कापलेला नसतो.

मे महिन्यात आई राहायला आली होती. वही बघून म्हणाली, “याचं परीक्षा-बिरीक्षा आहे का काही?” तिच्याबरोबर ‘संत तुकाराम’ (1936) पाहिला. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, 1937 च्या व्हेनिस महोत्सवात दाखवला गेलेला. आईने तो लहानपणी पाहिला होता. मी तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांकडे बघत होते, सगळ्यांसारखी. ती त्यांच्या बायकोचं, जिजाईचं काम करणाऱ्या गौरीकडे.

“ही बघ. खरी ही आहे,” ती म्हणाली. “तो देवाचं बघतोय, पोरांच्या पोटाचं कोण बघणार?”

त्यानंतर मीही गौरीच्या जिजाईकडेच बघत राहिले, आणि माझ्यापुरता तो तिचाच सिनेमा झाला. ‘कुणाबरोबर’ हा रकाना मी उगाच हौस म्हणून ठेवला होता. तो किती कामाचा ते त्या दिवशी कळलं. ऑगस्टमध्ये ‘तीन महिन्यांनी’चा रकाना भरताना या सिनेमापुढे मी आईचं वाक्य लिहिलं, सिनेमातलं नाही.

जून-जुलै ओसाड गेले. कारण मी एक यादी हातात घेतली होती. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वोत्तम सिनेमांची यादी काढतं. वरून खाली एकेक बघायचा बेत होता. पंधरवड्यात तो गृहपाठ झाला. संध्याकाळ झाली की मला आधीच जांभई यायची. मग काही आठवडे काहीच पाहिलं नाही, आणि वहीत ती जागा कोरीच सोडली, मागच्या तारखा टाकून भरली नाही. या काळात मिळालेली एक सोय: वहीच्या मागच्या बाजूने ‘अर्धवट’ नावाचं पान. अर्ध्या तासात सिनेमा पकडत नसेल तर तो थांबवायचा आणि किती मिनिटांवर थांबलो ते तिथे लिहायचं. यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. थांबवलेला सिनेमा पुन्हा उघडता येतो. सिनेमांचाच कंटाळा आला की मग सगळंच बंद पडतं.

यादी फेकली नाही, फक्त क्रम सोडला. आणि ऑगस्टच्या एका रविवारी तिच्यातला सगळ्यात अवघड वाटणारा सिनेमा आधी उचलला. शांताल आकरमानचा ‘जान डिलमन’ (1975). 2022 च्या यादीत तो पहिला आला. त्याआधी 1952 मध्ये ‘बायसिकल थीव्ज’ पहिला होता, 1962 पासून 2002 पर्यंत ‘सिटिझन केन’ आणि 2012 मध्ये ‘व्हर्टिगो’. ‘जान डिलमन’ 201 मिनिटांचा आहे, आणि त्यात एक विधवा बाई तीन दिवस घर चालवते. भांडी घासते, बटाटे सोलते, मुलाला वाढते, अंथरूण घालते. घरी पुरुष येतात आणि पैसे देऊन जातात, तेही कामाच्या वेळापत्रकातलंच एक काम. कॅमेरा हलत नाही. ती खोलीतून गेली की दिवा बंद करते, दुसऱ्या खोलीत लावते, परत बंद करते.

पहिला तास मी स्वतःशीच झगडत होते. हे का बघायचं? भांडी मीही घासते. मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, मला तिचा क्रम पाठ झाला. दिवा लावला की बंद होणार हे अंगात भिनलं. आणि दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. एवढंच. भांडं हातात घेऊन ती घरभर फिरते, कुठे ठेवावं ते तिला कळत नाही, आणि मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, जणू घरात कुणी सुरा घेऊन शिरलंय. बटाट्यांसाठी! कुठल्याही थरारपटाने वर्षभरात मला तसं बसवलं नाही. त्या पहिल्या तासातला कंटाळा काढून टाकला असता तर बटाट्यांना काहीच अर्थ उरला नसता. तिसऱ्या दिवशी काय होतं ते सांगत नाही. हा सिनेमा बनवला तेव्हा आकरमान पंचवीस वर्षांची होती, हे मात्र सांगते.

बघायचा असेल तर व्यावहारिक सल्ला: दिवसा बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि थांबायचंच असेल तर एक दिवस संपून दुसरा सुरू होतो तिथे थांबा. तुकड्या-तुकड्यांनी आठवडाभर पाहिलात तर नुसती भांडीच दिसतील.

सप्टेंबरमध्ये नवीन काही न बघता पाहिलेलेच परत बघितले. ‘12 अँग्री मेन’ (1957) आधी गोष्टीसाठी पाहिला होता. एक खोली, बारा पंच, एका पोराच्या जिवाचा निकाल. आता निकाल माहीत होता, त्यामुळे नजर मोकळी होती. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर ठेवलाय, मग नजरेच्या पातळीला, आणि शेवटच्या भागात खाली. लेन्सही बदलत नेल्यात, त्यामुळे भिंती जवळजवळ येतात आणि छत डोक्यावर उतरतं. पहिल्या वेळी मला नुसतं उकडत होतं. दुसऱ्या वेळी कोण उकडवतंय ते दिसलं. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (2014) लगोलग पाहिला, आणि तोही कोर्टाचाच असून नेमका उलटा वाटला. इथे कॅमेरा लांब उभा, कुणाची बाजू न घेता. कोर्ट सुटलं तरी तो थांबत नाही, सरकारी वकील बाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो, त्यांचा स्वयंपाक होईपर्यंत. दुपारी आरोपीला आत ठेवा म्हणणारी बाई संध्याकाळी पोळ्या करते, आणि तिचा राग करता येत नाही. जुने सिनेमे परत बघणं म्हणजे वेळ वाया, असं समजणारे माझ्या घरातही आहेत. वहीतल्या सगळ्यात भरलेल्या ओळी या महिन्यातल्या आहेत.

वर्षाच्या शेवटाकडे एका चित्रपट महोत्सवाला गेले, प्रतिनिधी म्हणून, म्हणजे पैसे भरून नाव नोंदवलेली प्रेक्षक. पहिलीच वेळ असेल तर कागदपत्रांची तयारी आधी करा. ऑनलाइन अर्ज, ओळखपत्राची प्रत, ठरलेल्या मापातला फोटो; माझा फोटो मापात नाही म्हणून अर्ज एकदा परत आला. पैसे भरल्यावर आलेला क्रमांक छापून ठेवला ते बरं झालं, कारण ओळखपत्र वाटायच्या खिडकीवर तोच मागत होते आणि तिथे मोबाइलला रेंज नव्हती. तिथली रांग सकाळी लवकर गेलं तर लहान असते. वेळापत्रक शेवटच्या क्षणी हातात येतं, आणि एकाच वेळी तुम्हाला हवे असलेले दोन सिनेमे दोन पडद्यांवर असणार हे गृहीत धरा. मी रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे पर्याय क्रमाने लिहून ठेवायचे: पहिला नाही मिळाला तर दुसरा, जागा नाही मिळाली तर तिसरा. कार्ड आहे म्हणजे खुर्ची आहे असं नसतं. गाजलेल्या सिनेमाला तासभर आधी उभं राहावं लागतं. पाण्याची बाटली आणि स्वेटर न्या, आत गारठा असतो.

पहिल्या दिवशी मिळतील तेवढे सगळे पाहिले. रात्री वही उघडली तर एका सिनेमातला म्हातारा दुसऱ्याच्या गावात फिरत होता. दुसऱ्या दिवसापासून तीनच, आणि प्रत्येकानंतर बाहेर पायरीवर बसून लगेच एक ओळ. शेजारी बसलेले एक आजोबा तेच करत होते, बसच्या तिकिटाच्या मागे. दोघांनी एकमेकांच्या ओळी दाखवल्या. एकच सिनेमा, एकाच रांगेत बसून पाहिलेला, आणि त्यांनी लिहिलेली गोष्ट मला दिसलीच नव्हती. त्यांनी विचारलं, “तुम्ही झोपला होतात का मधे?” नव्हते झोपले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिशेब केला. लेटरबॉक्स्डच्या सेटिंगमधून स्वतःची सगळी नोंद सीएसव्ही फाइल (तक्त्यासारखी उघडणारी साधी फाइल) म्हणून उतरवून घेता येते; ती घ्या, आणि दरवर्षी घ्या, कारण सेवा आज आहेत, उद्याचं कुणी सांगावं. फाइल उघडून दशकांप्रमाणे लावली तर माझे निम्म्याहून जास्त सिनेमे गेल्या दहा-पंधरा वर्षांतलेच निघाले. इतके मूकपट पाहिले असं वाटत होतं, प्रत्यक्षात ते चिमूटभर. मराठीही वाटलं त्यापेक्षा कमी. बायकांनी दिग्दर्शित केलेले तर मोजायला फार वेळ लागला नाही. आकांडतांडव न करता हे तिन्ही शेरे पुढच्या वर्षाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. सदस्यत्वांचा खर्च मात्र एकेक सेवा घेतल्यामुळे आदल्या वर्षापेक्षा बराच कमी आला, आणि वाचलेल्यातले काही थिएटरच्या तिकिटांना गेले.

‘तीन महिन्यांनी’चा रकाना अजून पुरता भरलेला नाही, भरणारही नाही, ऑक्टोबरपासूनचे सिनेमे नव्या वर्षात येतील. ‘अर्धवट’च्या पानावरची काही नावं खोडली, ती परत उघडायची नाहीत. एकापुढे मात्र मी 34 मिनिटं असं लिहिलंय, सिनेमा थांबवताना वैतागून. त्यातली खोली, खिडकी आणि खिडकीबाहेरची माणसं मला अजून दिसतात. तो या रविवारच्या कागदावर पहिला आहे. लांबी दोन तास दहा मिनिटं, भाड्याने मिळतो, भाडं बघायला बसतानाच भरायचं.